अर्ध्या इंचाचा माग

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि हसून झालं की थोडी लाज वाटते. नावं कुणाचीच देणार नाही. त्यातली बरीच माणसं लग्नाकार्यात अजून भेटतात, आणि पोलिसाने निवृत्त झाल्यावर तरी लोकांना सुखाने जेवू द्यावं, असं माझं मत आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी बंगळूरच्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर. आमचं घराणं मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते आमच्यात कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, ठाण्यात कन्नड, आणि राग आला की दोन्हीची खिचडी. आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांचं एक मंडळ आहे. वर्षभर तिथे भांडणं चालतात, गणपतीत जेवणं होतात आणि मधल्या वेळात लग्नं जमतात. लग्नं जमवण्याचं काम तीस वर्षं एकाच बाईंनी केलं. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सांभाळून त्यांनी मुलामुलींच्या माहितीच्या वह्या भरल्या होत्या.

मग इंटरनेट आलं. मंडळाच्या अध्यक्षांचं लाकडाचं मोठं दुकान होतं आणि त्याहून मोठा आवाज होता. त्यांनी ठरवलं की आता वह्या बंद, मंडळाची स्वतःची वेबसाइट. ती बनवून दिली एका नागपूरच्या पोराने. पोर म्हणजे सव्वीस वर्षांचा इंजिनियर. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला खोली घेऊन एकटाच राहायचा, गणपतीत मराठी जेवणाच्या वासाने मंडळात आला आणि दोन वाढप्यांशी ओळख होताच म्हणाला, साइट मी करून देतो, फुकट. आईच्या हातच्यासारखी भाजी मिळाली की परगावच्या मुलांचं असंच होतं. साइट झाली, अक्कांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि त्यांना आराम मिळाला. म्हणजे, सगळ्यांना तसं वाटलं.

एका बुधवारी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरीवर सही करत होतो, तोच अध्यक्ष पाचसहा जणांना घेऊन आत आले. बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, आमची वेबसाइट फोडली."

मी विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"गेलं काहीच नाही. बदललं. माझ्या मुलाचं वय सत्तावीस होतं, ते एकतीस केलंय. शिक्षण बी.कॉम. होतं, त्याच्यापुढे 'अपूर्ण' लिहिलंय. हुबळीच्या लोकांशी साखरपुडा ठरलाय आणि काल त्यांचा फोन आला, हे काय दिसतंय म्हणून. माझी अब्रू गेली."

बाकीच्यांच्याही तक्रारी तशाच. कुणाच्या मुलाची उंची तीन इंचांनी घटली होती, कुणाच्या मुलीच्या 'गायनाची आवड' या ओळीतून गायन गायब झालं होतं. एका गृहस्थांच्या भाच्यापुढे 'निर्व्यसनी' होतं, तिथे 'तंबाखू, फक्त बाहेर' असं आलं होतं. माझा रायटर, म्हणजे ठाण्यातला लेखनिक, तोंडावर कागद धरून हसत होता. त्याला मी डोळ्यांनी दटावलं. संगणकाच्या गुन्ह्यांचा वेगळा कायदा तेव्हा यायचा होता, त्यामुळे त्याचीही अडचण खरी होती. हळूच म्हणाला, "सार, कलम कोणतं लावू? घरफोडी लावायची तर घर कुठे आहे?"

तूर्त अर्ज म्हणून घेतला. गुन्हा दाखल करायचा की नाही ते चौकशीनंतर. संशय कुणावर, असं विचारलं तर अध्यक्षांकडे उत्तर तयारच होतं. साइटचा पासवर्ड दोघांकडेच, त्यांच्याकडे आणि त्या नागपूरकराकडे. "मला तर तो डबा चालू कसा करायचा तेही येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि त्याला राग आहे. त्याने स्वतःचं नाव साइटवर घालायला मागितलं होतं. आम्ही म्हटलं, आपल्या जुन्या घरांपुरतंच आहे हे, बाहेरच्यांना नाही."

फुकट साइट करून घेतली आणि वर त्यालाच बाहेरचा म्हटलं, हे तेव्हा मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मीही जुन्या घरातलाच ना.

नागपूरच्या मुलाला बोलावलं. दोन बस बदलून घामाघूम होऊन आला. हातात कागदांची गुंडाळी होती. बाकावर बसवलं तर सरळ बसला, आणि मी विचारायच्या आधीच बोलायला लागला. "साहेब, मी कायले करीन असं? मीच तर दोन दिवसांपासून शोधून राहिलो, कोण आत येऊन राहिलं ते. हे पाहा, सर्व्हरचा लॉग. कोण केव्हा आलं त्याची नोंद असते. आता गंमत पाहा. ज्याने बदल केले त्याने पासवर्ड दिलेलाच नाही. दारातून आला नाही आणि घरात आहे."

"कुठून आला ते कळतं का?"

"इथल्याच कुठल्यातरी फोनच्या लाइनीवरून. पुढचं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारावं लागते."

कंपनीला माणसाहाती पत्र पाठवलं. एका महिन्यात कळवतो, असं उत्तर त्याच्याच हाती आलं. मग मी लॉगवरच्या वेळा पाहिल्या. माझ्याबरोबर एक हेड कॉन्स्टेबल होता, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कपाळावर रोज ताजं गंध. त्यानेही वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सार, सगळे बदल मंगळवारचे. दुपारी तीन ते साडेचार."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार हा राहुकाळ. आमच्या बंगळुरात त्या दीड तासात कुणी नव्या स्कूटरला किल्ली लावत नाही, मग लग्नाच्या कागदाला हात लावायची गोष्टच सोडा. मी स्वतः या गोष्टी फारशा मानत नाही, पण माझ्या बदलीचा हुकूमसुद्धा मी राहुकाळ टळल्यावर उघडला होता. माझं डोकं लगेच चाललं. आपल्या समाजातला माणूस राहुकाळात हे करणार नाही. म्हणजे करणारा बाहेरचा. साइट माहीत असलेला बाहेरचा माणूस एकच, आणि तो समोर बाकावर बसला होता.

मी त्याला विचारलं, "राहुकाळ माहीत आहे का?"

"नाही साहेब. ते काय असते?"

संपलंच, म्हटलं मी मनाशी. तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं.

त्याच दुपारी मारतहळ्ळीकडच्या ठाण्यातून फोन आला. तिथला इन्स्पेक्टर माझ्या ओळखीचा. त्या मुलाच्या पासपोर्टची पोलीस चौकशी त्याच्याकडे होती. कंपनी त्याला कामासाठी परदेशी पाठवत होती, पंधरा दिवसांत पासपोर्ट हातात हवा होता, आणि मुलाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं की एका ठाण्यात मला चौकशीला बोलावलंय. इन्स्पेक्टर म्हणाला, "तुझ्याकडे त्याच्यावर काही असेल तर लेखी कळव. गुन्हा असेल तर मी 'शिफारस नाही' लिहून टाकतो. नसेल तर तसं कळव."

मी मुलाला विचारलं, घरी कोण असतं? म्हणाला, आई. शाळेत शिक्षिका आहे. मुलगा परदेशी जाणार म्हणून तिने आख्ख्या गल्लीत पेढे वाटलेत.

मी रायटरला मजकूर सांगितला: सदर इसमाविरुद्ध गुन्हा दाखल करण्याची कार्यवाही सुरू आहे. टाइप झालं, मी सही केली. हेड कॉन्स्टेबलने तो कागद उचलला, पाहिला आणि माझ्या टेबलावरच्या काचेच्या वजनाखाली ठेवून दिला. "सार, आजचं टपाल गेलं," तो म्हणाला. टपाल संध्याकाळी पाचला जायचं आणि तेव्हा चार वाजले होते. मी कागद तिथेच राहू दिला. त्याच्या नोकरीत त्याने माझ्यासारखे बरेच इन्स्पेक्टर पाहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारदारांचे जबाब सुरू झाले. एक बाई मुलाला घेऊनच आल्या. म्हणाल्या, माझा मुलगा पाच फूट नऊ आणि साइटवर आता पाच फूट साडेसहा दिसतो, लोक हसतात. मुलगा मागे उभा होता आणि आई बोलत असताना गुडघे ताठ करत होता. आरोपीचं वर्णन नोंदवताना उंची लागते, म्हणून ठाण्याच्या भिंतीवर फूट-इंचाच्या रेघा रंगवलेल्या असतात. हेड कॉन्स्टेबलने मुलाला फार प्रेमाने तिथे नेलं, चपला काढायला लावल्या आणि डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली.

"किती?" मी विचारलं.

"पाच सहा. आणि वर स्वल्प. अर्धा."

बाई म्हणाल्या, "तुमची भिंत चुकीची आहे."

मग मी उरलेल्यांनाही मुलांना घेऊन यायला सांगितलं. पुढचे दोन दिवस माझ्या ठाण्यात भिंतीपाशी चोर कमी आणि नवरदेव जास्त उभे राहिले. एकूण एक उंची साइटवरच्या नव्या आकड्याशी जुळली. तंबाखूवाला भाचाही जुळला, त्याच्या खिशातच डबी निघाली. गायनाची आवड असलेल्या मुलीला मी काही म्हणायला सांगितलं नाही, पण तिनेच सांगितलं, "अंकल, मी कधीच गात नाही. ते आईने लिहिलं होतं."

जबाब संपल्यावर हेड कॉन्स्टेबल माझ्यासमोर कॉफी ठेवून उभा राहिला. कन्नडमध्ये म्हणाला, "सार, माझी तीस वर्षं चोरांमध्ये गेली. चोर आत शिरतो आणि खोटं करून जातो. हा आत शिरून सगळं खरं करून जातोय. त्या मुलाला इथे येऊन वर्ष झालं नाही. कुणाच्या भाच्याच्या खिशात तंबाखू आहे, ते त्याला कसं कळणार?"

मी कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला, चहूकडे बदल्या होऊन फिरून आलेल्या इन्स्पेक्टरला, सुचली नव्हती. मी बदलांची यादी पुन्हा वाचायला घेतली. पाच साडेसहा. पाच चार. पाच साडेसात. त्या साडेसातवर माझं बोट थांबलं.

माझं लग्न जमत होतं तेव्हा मी अर्जात पाच फूट आठ लिहिलं होतं. पोलीस भरतीत निवडलेला माणूस, आपली उंची कोण तपासणार, असा तोरा. मंडळाच्या हॉलमध्ये मला एका खांबाला पाठ लावून उभं केलं गेलं, बूट-मोजे काढायला लावले, शिंप्याची टेप धरली, आणि वहीत लिहिलं गेलं: पाच फूट साडेसात. माझी बायको आजही भांडणात तो अर्धा इंच काढते. आमच्या समाजात आईबाप दोन इंच वाढवतात, मध्यस्थ एक इंच वाढवतो. अर्धा इंच लिहिणारं माणूस जन्माला एकच आलं होतं.

मंगळवारी दुपारी साध्या कपड्यांत मी आणि हेड कॉन्स्टेबल निघालो. अक्का कुठे असतील ते शोधावं लागलं नाही. राहुकाळात दुर्गेच्या देवळात लिंबाच्या सालीचे दिवे लावायला बायका जातात, आणि त्या देवळामागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. आत तीन कॉम्प्युटर. मालक गल्ल्यावर डोकं टेकून झोपलेला. कोपऱ्यातल्या खुर्चीत अक्का, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मांडीवर उघडी वही, पायाशी पिशवीत उरलेली लिंबं.

"अक्का, काय चाललंय?"

त्यांनी मान वळवली नाही. "स्वल्प थांब. गिरणीवाल्यांच्या धाकट्याचं वजन राहिलंय. अठ्ठावन्न लिहिलंय बघ. दिवाळीला चौऱ्याऐंशी होता. मधल्या काळात आजारी पडला असता तर मला कळलं असतं."

वजन दुरुस्त झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू कसा इकडे? बायको बरी ना?"

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "अक्का, हे काम तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुमच्या अध्यक्षांनी. सत्काराच्या दिवशी भर सभेत म्हणाले नाहीत का, 'अक्का, तुमची नजर असू द्या, चुकेल तिथे दुरुस्त करा'? तू पण होतास, टाळ्या वाजवत होतास. की शाल तेवढी खरी आणि शब्द खोटे?"

मी होतो, आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. विचारलं, "पण राहुकाळात?"

"नवीन काम करायचं नसतं राहुकाळात. चूक दुरुस्त करायला कसला राहुकाळ? शिवाय या वेळी इथे काळं कुत्रं नसतं. एरवी मुलं जागा देत नाहीत."

माझ्या सगळ्या तर्काची हवा त्या एका वाक्यात निघाली. हेड कॉन्स्टेबल दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आणि पासवर्ड कुणी दिला?"

"मला कुणी काही दिलं नाही. मी आपली पत्ता टाकते आणि येते." त्यांनी वही माझ्यापुढे केली. तिच्यावर त्यांच्या सुबक अक्षरात वेबसाइटचा पत्ता लिहिलेला होता, पण कुठल्याही पत्त्यापेक्षा लांब. शेवटी एक प्रश्नचिन्ह, आणि त्याच्यापुढे इंग्रजीत काही शब्द, एक बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा. "तो मुलगा कमिटीला साइट दाखवत होता ना, तेव्हा पडद्यावर वर जे लिहिलं होतं ते उतरवून घेतलं. तीस वर्षं तेच केलं. समोर असेल ते सगळं घ्यायचं. आपल्याला नको वाटतं म्हणून काही गाळायचं नाही."

मुलगा त्या दिवशीही माझ्या ठाण्यातच बसलेला होता; रोज सकाळी येऊन बसायचं, असं मीच त्याला बजावलं होतं. हेड कॉन्स्टेबल जीप घेऊन गेला आणि त्याला घेऊन आला. त्याने वहीतली ओळ एकदा वाचली आणि दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचली.

"अरे बाप्पा," एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "मला कळेल असं सांग. मी पोलीस आहे."

"साहेब, ही साइट ज्या भाषेत लिहिली ना, पीएचपी, ती खूप सोपी आहे. सोपी आहे म्हणूनच सगळे वापरून राहिले. मी प्रोग्रामात एक खण ठेवला, 'मालक' नावाचा समजा. पासवर्ड बरोबर आला तर त्या खणात 'होय' लिही, म्हणजे हा शेवटचा आकडा. पुढच्या पानांवर फक्त तो खण पाहायचा, 'होय' असेल तर बदल करू द्यायचे. आता सुरुवातीलाच मी तिथे 'नाही' लिहून ठेवायला पाहिजे होतं. नाही लिहिलं. रिकामा खण म्हणजे नाहीच, असं धरून चाललो. आणि या भाषेची सवय अशी आहे की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन कुणी 'मालक बरोबर होय' असं लिहून पाठवलं, की ती ते उचलून आपल्या हाताने त्या खणात टाकते. कोणी लिहिलं, ते विचारतच नाही."

"म्हणजे," मी म्हटलं, "ठाण्याच्या दारात येऊन कुणीही म्हणावं, मी इन्स्पेक्टर, आणि पहारेकऱ्याने त्याला नेऊन माझ्या खुर्चीत बसवावं?"

"तसंच साहेब. आणि वरून मीच एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ती ओळ पत्त्यातून पाठवत होतो, सोपं पडते म्हणून. अक्कांनी ती पडद्यावरून उतरवली. त्यांनी काहीच फोडलं नाही. दार मीच उघडं ठेवलं होतं."

मला खात्री करायची होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून मी दोन बोटांनी ती ओळ टाइप केली. पाच मिनिटं लागली. आणि खरोखर आख्ख्या समाजाच्या सोयरिकी माझ्यासमोर उघड्या पडल्या, बदलायला मोकळ्या. मला तिथे माझ्या भाचीचं 'स्वभाव शांत' दिसलं. मी हात मागे घेतला.

"दुरुस्त करायला किती दिवस?"

"दिवस कसले साहेब, दोन ओळी आहेत."

अक्का इतका वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "तू केलंस होय हे? चांगलं केलंस. अक्षर तेवढं मोठं कर." त्याला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

गुरुवारी सगळ्या तक्रारदारांना बोलावलं. अध्यक्ष गुन्हा नोंदवायचाच म्हणून आले होते. मी म्हटलं, नोंदवू. फक्त प्रत्येकाने आपल्या जबाबाखाली एक वाक्य लिहून सही करायची, की साइटवर मी आधी दिलेली माहिती खरी होती आणि आता दिसते ती खोटी आहे. खोटा जबाब दिला तर त्यालाही कलम आहे, आणि ते लावायला मला कॉम्प्युटर लागत नाही. रायटरने पेन पुढे केलं. ते पेन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून जसंच्या तसं परत आलं. तंबाखूवाल्या भाच्याचे मामा म्हणाले, उशीर होतोय, मला दुकान उघडायचंय.

अध्यक्ष एकटे राहिले. "माझ्या मुलाचं लग्न मोडलं तर?" त्यांचा तो मोठा आवाज पार खाली गेला होता, आणि खरं सांगतो, तेव्हा मला त्यांची कीव आली. पण त्यांचा मुलगा दारातच उभा होता. तोच म्हणाला, "अप्पा, मी काल हुबळीला जाऊन आलो. वय सांगितलं, बी.कॉम.चंही सांगितलं. मुलगी म्हणाली, एकतीस चालेल, पण लग्नानंतर सत्तावीस सांगत फिरायचं नाही." साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. मी जेवून आलो.

अक्कांना मंडळाने रीतसर पासवर्ड दिला आणि ठराव केला की त्यांनी पाहिल्याशिवाय कुठलीही माहिती साइटवर जाणार नाही. त्यांनी तो पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. नागपूरच्या मुलाने कपाळावर हात मारला.

त्या केसने मला काय शिकवलं, तर हेच. बाहेरून आलेला शब्द खरा धरून चालणं ही एकट्या त्या भाषेची खोड नव्हती. आईबापांनी लिहिलं ते साइटने खरं धरलं. पत्त्यात लिहिलं ते प्रोग्रामने खरं धरलं. आणि अध्यक्षांनी सांगितलं ते मी खरं धरलं, कारण ते आमच्यातले होते आणि मुलगा नव्हता. प्रोग्रामला निदान दोन ओळींत दुरुस्त करता आलं. मी एका निरपराध मुलाला आठ दिवस बाकावर बसवलं होतं आणि त्याच्या विरोधात सही करून मोकळा झालो होतो. लाज वाटते ती याची. पुढे नोकरीत मी एक सवय लावून घेतली. ओळखीचा माणूस तक्रार घेऊन आला की आधी त्याला विचारायचं, हे तुम्हाला कसं माहीत?

काचेच्या वजनाखालचा कागद मी त्या मुलासमोर फाडला आणि नवा सांगायला घेतला: अर्जदाराविरुद्ध या ठाण्यात काहीही नाही. मुलगा म्हणाला, "साहेब, एक थांबा. चूक माझी होती. दार उघडं राहिलं ते माझ्यामुळे. तेही लिहा, नाहीतर ते अर्धवट होते."

त्या आठ-नऊ दिवसांत मी मंडळातल्या किती मुलांची माहिती वाचली असेल, पण स्वतःबद्दल वाईट असं एक अक्षर कुणी आपणहून लिहिलं नव्हतं. मी रायटरला दुसरं वाक्य सांगितलं: अर्जदाराने आपल्या कामातली चूक विचारल्याशिवाय स्वतःहून कबूल केली, अशा सचोटीचा माणूस मी नोकरीत क्वचित पाहिला. सही, शिक्का. मग मारतहळ्ळीकडच्या इन्स्पेक्टरला फोनवर वाचून दाखवलं.

तो ओरडलाच. "वेडा झालास का? पासपोर्टच्या कागदावर 'चूक' आणि 'कबूल' असे शब्द दिसले तर कारकून वाक्य पुरं वाचेल का? मुलगा इथेच राहील. पहिलं वाक्य ठेव, बाकी काढ."

त्याचं बरोबर होतं. मी पुन्हा टाइप करून घेतलं, एकच वाक्य. तो कागद त्याच दिवशी गेला, टपालाची वाट न पाहता, हेड कॉन्स्टेबलच्या हातून, आणि पासपोर्ट वेळेत झाला.

दोन वाक्यांचा तो कागद टेबलावर राहिला होता. मी तो टोपलीत टाकणार, तेवढ्यात मुलाने विचारलं, "साहेब, हा मी नेऊ का? आईले दाखवतो." मी दिला. त्याने तो घडी न घालता आपल्या वहीत सरळ ठेवला. चारित्र्याचे दाखले मी नोकरीत पुष्कळ दिले, सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीत गेले. मनापासून लिहिलेला तेवढा एक नागपूरला, एका शिक्षिकेच्या घरी गेला.